शीर्षकपानावर एकच नाव

चित्रपटांच्या हक्कांची तपासणी हा माझा व्यवसाय आहे. एखादी निर्मितीसंस्था कथा, कादंबरी किंवा पटकथा विकत घेते, तेव्हा विकणाऱ्याकडे ती विकण्याचा अधिकार आहे की नाही, हे कागदपत्रांवरून पाहून मी अहवाल देते. जमीन घेण्याआधी वकील सर्च रिपोर्ट काढतो आणि सातबाऱ्यावरचे फेरफार एकेक करून मागे तपासत जातो, तसेच हे काम. धंद्यात याला 'चेन ऑफ टायटल' म्हणतात. बहुतेक अहवाल कंटाळवाणे असतात आणि ते तसेच असावेत. गेल्या पावसाळ्यात आलेले एक प्रकरण मात्र अहवाल पाठवून झाला तरी मनातून गेलेले नाही.

एका दिवंगत मराठी दिग्दर्शकाच्या मुलाने आणि मुलीने वडिलांचे 'न झालेले सगळे' एका कंपनीला एकरकमी देण्याचे ठरवले होते. पडद्यावर आलेले त्यांचे चित्रपट थोडे. न आलेल्यांचे गाठोडे त्याहून कितीतरी मोठे. मुलाने हौसेने टंकून घेतलेल्या यादीत प्रत्येक प्रकल्पाला एक ओळ होती, त्यामुळे मैफलीत सांगितलेली कल्पना आणि अंदाजपत्रकासह तयार असलेली पटकथा शेजारीशेजारी अगदी सारख्या दिसत होत्या. कंपनीच्या तरुण मंडळींना ती यादी फार आवडली होती. न झालेला चित्रपट म्हणजे स्वस्तात मिळणारा माल, अशी समजूत सध्या या धंद्यात पसरली आहे. तो माल कोणाचा, हा प्रश्न त्यांना टोकन रक्कम देऊन झाल्यावर पडतो.

पुण्यातल्या त्या घरी आम्ही गाठोडी सोडायला बसलो आणि यादीचा निम्मा भाग सकाळीच गळाला. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो. तो कल्पनेच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले, तरी दिग्दर्शकांच्या वारसांपर्यंत ते अजून पोहोचलेले नाही. मुलाला ज्याचा सर्वांत अभिमान होता, तो भव्य ऐतिहासिक चित्रपट दीड पानाचा निघाला, आणि त्यातही जे होते ते कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडावे असे. दूरदर्शनसाठीच्या तेरा भागांच्या दोन मालिका होत्या. त्या काळी प्रायोजित मालिकेचा प्रस्ताव साधारण तेरा भागांचा बांधत, म्हणून अडीच तासांच्या चित्रपटाची गोष्ट ताणून तेरा तुकड्यांत बसवलेली. पुढे खासगी मराठी वाहिन्या आल्यावर तीच गोष्ट दैनंदिन मालिकेच्या वेषात पुन्हा उभी राहिली होती आणि नायकाला दोन जास्तीच्या आत्या मिळाल्या होत्या. हे भाग फ्लॉपीवरून कधीतरी सीडीवर उतरवलेले होते. संगणकावर उघडल्यावर सगळा मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसला, कारण तो युनिकोडच्या आधीच्या श्री-लिपी फॉन्टमध्ये टंकलेला होता. असा मजकूर परिवर्तकातून काढला तरी जोडाक्षरे आणि रफार हमखास निसटतात आणि प्रत्येक पान डोळ्यांनी तपासावे लागते. त्या पिढीचे बरेच टीव्ही-लेखन आज अशाच अवस्थेत पडून आहे आणि त्याची कोणाला फिकीर नाही.

कादंबऱ्यांच्या परवानग्यांची गंमत वेगळीच. एक पत्र १९८३ चे होते आणि एक १९९८ चे. दोन्हींत लेखकांनी मोघम शब्दांत चित्रपटाचे हक्क दिले होते, मुदत कुठेच लिहिलेली नव्हती. मुलाला वाटले, जुने पत्र बाद आणि नवे चालू. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत न लिहिलेले हस्तांतरण पाच वर्षांचे धरले जाते, आणि करारात वेगळे ठरले नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास ते संपुष्टात येते. पण १९९४ ची दुरुस्ती लागू होण्यापूर्वीच्या हस्तांतरणांना हे नियम लागत नाहीत. म्हणजे १९९८ चे पत्र केव्हाच संपले आणि १९८३ च्या पत्रावर निदान वाद घालता येईल. माझ्या कामात असा क्षण क्वचित येतो आणि त्याचा आनंद माझ्याशिवाय कोणालाही होत नाही.

दुपारी ती पटकथा हाती आली, जिच्यासाठी कंपनी खरे तर हे सगळे घेत होती. ग्रामीण चित्रपट, संपूर्ण पटकथा, दृश्यांची विभागणी, चित्रीकरणस्थळांच्या नोंदी, सारे तयार. शीर्षकपानावर 'कथा, पटकथा, संवाद' आणि खाली दिग्दर्शकाचे एकट्याचे नाव. आत जुन्या पद्धतीने पानाचे दोन उभे भाग पाडलेले होते: डावीकडे घटना, उजवीकडे संवाद. डावीकडचे अक्षर दिग्दर्शकाचे, उजवीकडे झुकलेले, घाईचे. उजवीकडचे अक्षर मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दुसऱ्याच कोणाचे होते, गोल आणि सरळ.

एक पान मी बराच वेळ पाहत राहिले. मुलगा घर सोडून निघाला आहे. डाव्या भागात: 'आई काही बोलत नाही. क्लोजअप.' उजव्या भागात त्या गोल अक्षरात 'जातोस तर जा' लिहून खोडलेले, त्याखाली 'भाकरी बांधून दिली आहे' लिहून खोडलेले, आणि त्याखाली न खोडलेली ओळ: 'विळी परसात राहिली आहे, जाता जाता आत आण.' शेजारी तांबड्या शाईत, झुकलेल्या अक्षरात, 'हेच ठेवा.' स्वतःच्याच ओळीखाली अशी सूचना कोणी लिहीत नाही.

"हे मावशीचं अक्षर," मुलगी लगेच म्हणाली. नात्याची मावशी नव्हे. दिग्दर्शकाच्या नाटकाच्या दिवसांपासून घरी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्या जवळच राहत होत्या. फोन केला तेव्हा चहाच्या वेळेपर्यंत आल्या, आणि पटकथा हातात घेऊन आधी तिची शिवण सुटली आहे का ते त्यांनी पाहिले.

"बाई, हे संवाद तुम्ही लिहिले आहेत का?" मी विचारले.

"छे हो. ते सांगायचे, मी उतरून घ्यायचे."

मी विळीचे पान पुढे केले. त्या हसल्या. "त्यांना आईला गप्प ठेवायचं होतं. मी म्हटलं, अहो, कुठली आई अशा वेळी गप्प बसते? काहीतरी कामच सांगेल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण त्याला काय लिहिणं म्हणतात का? बोलता बोलता व्हायचं ते."

सांगितलेले उतरवून घेणारा लेखनिक कायद्याने लेखक ठरत नाही. पण दोघांनी मिळून लिहिलेल्या कृतीत ज्याचा वाटा वेगळा काढता येत नाही, तो सहलेखक असतो. त्याच्या संमतीवाचून हक्क विकता येत नाहीत आणि स्वामित्वहक्काची साठ वर्षे दोघांपैकी मागे राहिलेल्याच्या मृत्यूनंतर मोजायची असतात. सगळा व्यवहार त्या एका उत्तरावर अवलंबून होता आणि त्यांचे उत्तर कागदाशी जुळत नव्हते.

न झालेल्या चित्रपटाला श्रेयनामावली नसते. जे काही असते ते या एका पानावर. सत्यजित राय यांच्या 'द एलियन'चे प्रकरण मी वारसांना नेहमी सांगते, ते यासाठीच. राय यांनी १९६७ साली ती पटकथा लिहिली. तिची कल्पना त्यांच्याच १९६२ च्या एका बंगाली कथेतल्या, बंगालच्या खेड्यात उतरणाऱ्या परग्रहवासीयाशी जोडलेली होती. हॉलीवूडची कोलंबिया कंपनी निर्मितीला तयार होती, अभिनेते पीटर सेलर्स यांच्याशी बोलणी झाली होती. राय यांनी पुढे लिहिलेल्या हकिकतीनुसार, ते अमेरिकेत गेले तेव्हा तिथे फिरत असलेल्या चक्रमुद्रित प्रतींवर हक्कधारक म्हणून दोन नावे होती, त्यांचे आणि मध्यस्थ माइक विल्सन यांचे. विल्सन यांनी नंतर पत्राने हक्क सोडण्याची तयारी कळवली. चित्रपट मात्र कधीच झाला नाही. तिथे न लिहिणाऱ्याचे नाव पानावर चढले होते. इथे उलटा प्रकार, आणि तक्रार करायला कोणीच नाही.

अहवालात मी त्या पटकथेसमोर 'सहलेखनाची शक्यता, हस्ताक्षराचा पुरावा उपलब्ध' असा शेरा लिहिला. कंपनीच्या वकिलांचा उपाय तयार होता: बाईंकडून नाममात्र रकमेवर ना-हरकत पत्र घ्यावे, ज्यात त्यांचे या लेखनात कोणतेही योगदान नाही असे वाक्य असेल, आणि शेरा काढून टाकावा. असे पत्र आठवड्याला एखादे तरी माझ्यासमोर येते आणि बहुधा योग्यच असते. बाई ते न वाचता सही करायला तयार होत्या. मीच त्यांना सांगितले की आधी स्वतःच्या वकिलाला दाखवा; हक्क विकल्यावरही कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून नाव मागण्याचा अधिकार उरतो, पण योगदानच नाही असे एकदा लिहून दिले की तो मागणे अवघड होते. वास्तविक त्या माझ्या अशील नव्हत्या आणि हे सांगणे माझ्या कामात बसत नव्हते.

मुलाने मला सरळ विचारले, "त्यांनाच नको आहे, तर तुम्हाला का हवं?" मुलीचे म्हणणे होते की मावशीचे नाव शीर्षकपानावर घालावे आणि विषय संपवावा. दोघांनाही मी समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही. बाईंनी आयुष्यभर जे मानले ते पुराव्याच्या जोरावर खोडून काढण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न खरा आहे. आणि खोडलेल्या दोन ओळी मी पाहिल्या आहेत, हेही तितकेच खरे आहे.

शेरा मी काढलेला नाही. बाईंनी वकिलाकडे जाणे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाहू म्हणून पुढे ढकलले आहे. कंपनीने ती पटकथा तूर्त बाजूला ठेवून उरलेल्यांचा भाव विचारला आहे, आणि मुलगा आकडा ठरवण्यात गुंतला आहे. उरलेल्यांत विकण्याजोगे फारसे काही नाही, हे अहवालाच्या पहिल्याच भागात लिहिले आहे. तो त्याने अजून वाचलेला दिसत नाही.