सहा धपाट्यांचं अंतर

आमच्या घरी अंतर धपाट्यांत मोजतात. अंबडहून जालना म्हणजे काहीच नाही, खिडकीजवळ नीट बसेस्तोवर येतं. नाथषष्ठीला पैठणला जायचं तर माणशी दोन. मुंबईला सहा, वर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. मनमाडपर्यंत मीटरगेज होतं तेव्हा आठ लागायचे म्हणे, कारण मनमाडला उतरून मोठ्या गाडीची वाट बघत फलाटावरच एक जेवण व्हायचं.

परवा आईला पहिल्यांदा विमानानं मुंबईला, धाकट्याकडं न्यायचं ठरलं. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून.

"किती लांब पडतं रे?"

मी सांगितलं, सरळ रेघ मारली तर 280 किलोमीटर. रेल्वे मनमाड, इगतपुरी, कसारा घाट करत जाते, तिचे छत्रपती संभाजीनगरपासून 370 होतात.

"म्हंजे दरवेळी नव्वद किलोमीटर फुकट हिंडले की मी!"

तिकिटावर वेळ तासाभराचा होता. शेजारचे बापू ओट्यावरच बसले होते, त्यांनी लगेच विचारलं, मग दिल्लीला किती? दिल्ली सरळ रेघेत 980च्या आसपास, वेळ दोन तास. अंतर साडेतीन पट आणि वेळ दुप्पटच, हे काही बापूंना पटेना. तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतो, विमान जागचं हललं तिथपासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, वर चढायचं, खाली यायचं, हे मुंबईला काय नि दिल्लीला काय, जवळपास तेवढंच. मुंबईच्या वाटेवर विमान चढतं आणि लगेच उतरायला लागतं, मधे पळायला जागाच नाही.

आई म्हणाली, "पाव्हण्याकडं गेल्यावानीच की. चपला काढाया-घालाया येळ तेवढाच, मंग घटकाभर बसा न्हाईतर मुक्काम करा."

माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानाचं तिनं हे असं केलं.

नकाशा उघडाच होता म्हणून आणखी एक बघितलं. छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईच्या रेखांशांत अडीच अंशांचा फरक आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणजे चिकलठाण्याच्या डोक्यावरचा सूर्य दहा मिनिटांत मुंबईच्या माथ्यावर. त्याला दोन तास आधी येऊन रांगेत उभं राहायचं नसतं.

आम्हाला होतं. संध्याकाळच्या विमानासाठी दुपारचं जेवण उरकून निघालो. जालना रोडनं आलं की विमानतळ शहराच्या अलीकडंच लागतो, तरी आईनं तीनदा विचारलं, गेलं तर नसंल ना? बॅग तपासणाऱ्या मुलीनं फडक्यातल्या गाठोड्याकडं बघितलं, वास घेतला आणि हसून पुढं सरकवलं.

वर गेल्यावर डावीकडं पैठणच्या धरणाचा नाथसागर दिसला. आईनं हात जोडले. गाठोडं मांडीवर होतं. सोडू का म्हणेपर्यंत पट्टे बांधायची सूचना झाली. मग मुंबईवर दोन घिरट्या, कारण खाली जागा मोकळी नव्हती. आईनं गाठ पुन्हा आवळली.

विमानतळाहून बोरिवलीला टॅक्सी केली. गोरेगावच्या अलीकडं गाड्या ठप्प. तिथं आईनं गाठ सोडली. मला दोन दिले, स्वतः एक घेतला, एक चालकाला, चटणी लावून.

"किती राह्यलं अजून?" तिनं विचारलं.

मी फोन बघितला. अकरा किलोमीटर, पन्नास मिनिटं.

तिनं गाठोड्यात उरलेले दोन मोजले आणि पुन्हा गाठ मारली.