चार नंबरचा चेंडू काढा
आज सकाळी फुटबॉलच्या सरावाला दहा-अकरा वर्षांची १६ पोरं आणि चेंडू सगळे पाच नंबरचे. पास गुडघ्याच्या उंचीवर, कुठेही. चार नंबरचे आणले आणि निम्मं काम तिथेच झालं. पाच नंबरचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम, चार नंबरचं साधारण ३५० ते ३९०. फरक किरकोळ वाटतो, पण जड चेंडू लांब जावा म्हणून पोरगं बुटाच्या टोकाने ठोकतं, आणि ती खोड मग जाता जात नाही.

उरलेलं निम्मं काम टेकवलेल्या पायाचं. तो चेंडूच्या शेजारी, वीतभर अंतरावर, बोटं पासच्या दिशेला. पाय मागे राहिला की अंग मागे झुकतं आणि चेंडू उडतो. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट हवा. सैल असला तर आवाजावरूनच कळतं: ‘थप्’ऐवजी ‘फस्’.

मग ८ बाय ८ मीटरचा चौकोन, चौघं कडेला पास द्यायला, एक मध्ये चेंडू अडवायला. दीड मिनिट खेळ, अर्धा मिनिट दम. पास सारखे तुटले तर चौकोन १० मीटर करायचा, ओरडायचं नाही. सोळा जणांची एकच रांग लावून शंकूंमधून चेंडू न्यायला लावलं, तर वीस मिनिटांत प्रत्येकाला चेंडू मिळतो सव्वा मिनिट!

कोल्हापुरात पेठापेठांत तालमींचे संघ, त्यामुळे कठड्यावरच्या पालकांचा पहिला प्रश्न ‘किती गोल?’ असाच असतो. चालायचंच.

आणि हो, मुरमाच्या मैदानावर लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट नकोत. बारीक रबरी स्टडचे घ्या.