भिडस्त टेसेरॅक्ट आणि ताईचा फोन

काकांच्या गावच्या वाचनालयाचे जुने छापील अहवाल मी सध्या मजकुरात उतरवून घेतेय. स्कॅन झालेली ११४० पानं. लॅपटॉप २०१३ चा, प्रोसेसरला दोन कोर, चार धागे (म्हणजे एका वेळी चार कामं हाताळायची सोय), त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. प्रत्येक पानामागे टेसेरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्रॅम) चाळीसेक सेकंद घेतं आणि तेवढा वेळ पंखा गिरणीसारखा फिरतो. काम चालतं त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आईची होती.

रोज संध्याकाळी साडेसातला नागपूरहून ताईचा व्हिडिओ कॉल येतो, तोही याच लॅपटॉपवर, कारण आईला मोबाइलवर तोंडं बारीक दिसतात. त्या दिवशी पाच मिनिटांत आतून हाक आली, "अगं, ताई बोलतेय आत्ता आणि ऐकू येतंय नंतर. तुझं ते मशीन बंद कर बघू."

बंद करायचं माझ्या जिवावर आलं होतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टॉप (चालू कामांची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलं, आर दाबलं, टेसेरॅक्टचा प्रोसेस क्रमांक दिला आणि नाइस १९ केलं. नाइस म्हणजे इथे भिडस्तपणा असं मी धरते. आकडा उणे २० पासून १९ पर्यंत, जितका मोठा तितका गडी भिडस्त. पंगतीत वाढपी आला की हा म्हणणार, आधी बाकीच्यांना वाढा. काहीच सांगितलं नाही तर शून्य. कर्नल, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटणारा लिनक्सचा गाभा, या आकड्याचं वजन करतं: शून्यवाल्याचं १०२४, १९ वाल्याचं अवघं १५. एका कोरवर हे दोघंच भुकेले असतील, तर १९ वाल्याच्या पानात शंभरातले जेमतेम दीड टक्के पडतात. मग ताईचा आवाज सुधारायलाच हवा होता.

एखादं मिनिट गेलं असेल. टॉपमध्ये पुन्हा बघते तर टेसेरॅक्टसमोर परत शून्य! आधी वाटलं, आपलंच बोट चुकलं. मग लक्षात आलं की माझी स्क्रिप्ट (एकामागून एक पानं टेसेरॅक्टकडे देणारी आज्ञांची फाइल) दर पानाला नवं टेसेरॅक्ट सुरू करते. मी भिडस्त केलेलं ते बिचारं आपलं पान संपवून कधीच गेलं होतं. नाइस आईबापाकडून मुलांकडे येतं, तेव्हा शिकवायचं तर स्क्रिप्टलाच. तिला रीनाइस केलं, म्हणजे चालू असतानाच तिचं नाइस बदललं. पुढच्या पानापासून टॉपमध्ये एनआयच्या, म्हणजे नाइसच्या, रकान्यात १९, शेजारी पीआरमध्ये ३९. (पीआर म्हणजे प्राधान्याचा आकडा, नाइसमध्ये २० मिळवायचे, त्यात गूढ काही नाही.)

आणि ताई? तशीच. तोंड आधी, आवाज मागून.

शेवटी कंट्रोल-झेड मारून स्क्रिप्ट थांबवली, आईचं बोलणं होऊ दिलं आणि रात्री जेवणं झाल्यावर शोधत बसले.

घोळ ऑटोग्रुपचा, म्हणजे कामांचे आपोआप गट पाडण्याच्या सोयीचा होता. २०११ साली लिनक्सच्या २.६.३८ आवृत्तीत हे आलं, माइक गॅलब्रेथ यांनी लिहिलेलं. हेतू चांगला होता. कर्नलच्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला (कंपाइल करायला) कुणी एकदम वीस-तीस कामं सोडली की डेस्कटॉप गुदमरायचा. म्हणून प्रत्येक सेशनचा, म्हणजे साधारण प्रत्येक टर्मिनलचा, एकेक गट केला आणि वाटणी आधी गटांत, मग गटाच्या आत. वाढपी आधी घराघराला सारखं वाढतो, मग घरातले आपसात वाटून घेतात. माझ्या टर्मिनलच्या घरात जेवणारं टेसेरॅक्ट एकटंच. ते कितीही भिडस्त झालं तरी कुणापुढे? शेजारच्या घरात ब्राउझर उपाशी आणि याच्या घरात निम्मी भाकरी तशीच येतेय. नाइसच्या मॅन्युअल पानात हे आधी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक फोल्डर असते आणि तिच्यात ऑटोग्रुप नावाची फाइल. माझ्या शेलची (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमची) ती फाइल उघडली तर एकच ओळ निघाली: गटाचा क्रमांक आणि पुढे नाइस ०. म्हणजे आख्ख्या घराचा भिडस्तपणा शून्य! एको ही आज्ञा वापरून त्याच फाइलीत १९ लिहिलं. सुडोसुद्धा, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकारसुद्धा, लागले नाहीत.

आणखी एक केलं, आणि खरं तर तेच आधी करायला हवं होतं. टेसेरॅक्ट एका पानासाठी चारही धागे अडवून बसतं. ओएमपी थ्रेड लिमिट हे व्हेरिएबल (किती धागे वापरायचे ते ठरवणारी सेटिंग) १ केलं, की एकाच धाग्यावर चालतं. माझ्याकडे पान चाळीसऐवजी चव्वेचाळीस सेकंदांत झालं. चार सेकंदांसाठी तीन धागे जळत होते तर!

दुसऱ्या दिवशी साडेसातला स्क्रिप्ट चालूच ठेवली, पान ६१२. आतून ताईचं हसणं आणि आईचं "अगं बाई" एकाच वेळी, जसं ऐकू यायला हवं तसं आलं. मी टॉपकडे बघत होते. कॉल चालू असताना टेसेरॅक्टचा आकडा वरखाली नाचत होता. कॉल संपला तसा तो थेट शंभरावर जाऊन बसला, नाइस १९ असूनही. पंगतीत एकटाच उरला तर भिडस्त माणूसही पोटभर जेवतो. त्यामुळे १९ परत शून्यावर आणायच्या भानगडीत मी पडले नाही. स्क्रिप्टचं नाइस खाली आणायला साध्या वापरकर्त्याला परवानगीही नसते, वर न्यायला मात्र कुणी अडवत नाही.

आई बाहेर आली, लॅपटॉपजवळ कान नेला आणि म्हणाली, "आज आवाज बरा होता. पण हा पंखा अजून का ओरडतोय?"