सात घमेली माती

बाक रंगवायच्या कामात रंगवणं थोडं, खरवडणंच जास्त. चार दिवसांतले तीन पत्ती आणि पॉलिश पेपरचे, एक ब्रशचा. लोकांना ब्रश तेवढा दिसतो आणि पैसे देतानाही तोच आठवतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावची सरकारी मराठी शाळा. मे महिन्याच्या मध्यावर काम घेतलं. आमच्याकडे कर्नाटकात शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्रासारखा निम्मा जून हाताशी नसतो. बाक ४२. गोव्यात कामाला असलेल्या गावच्या पोरांनी वर्गणी पाठवलेली. ३१ बाक लोखंडी सांगाड्याचे, ११ जुने, अख्खे सागवानी.

लोखंडी बाक खालून चार बोटं गंजतो, कारण फरशी पुसल्यावर पाणी पायांशीच थांबतं. तारेच्या ब्रशनं घासायचं, रेडऑक्साइडचा एक हात मारायचा, वर इनॅमल. फळीवर कर्कटकानं कोरलेली नावं आणि बदाम असतात, त्यांत लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरायची. मी खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी करतो. डब्यातली भिंतीची पुट्टी लाकडावर वर्षभरात उडते, हे दहा जणांना सांगून झालंय. आमच्यातले काही जण इनॅमलमध्ये रॉकेल घालतात. मग रंग महिनाभर चिकट राहतो, पोरांच्या चड्ड्यांना लागतो आणि बदनाम सगळेच रंगारी होतात. लिहायच्या फळीला मी चकचकीत रंग कधी देत नाही. खिडकीचा उजेड तिच्यावरून थेट डोळ्यांत येतो. तिथं सॅटिनच. वाळवायचं सावलीत, कारण वैशाखाच्या उन्हात वर साय धरते, आत ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. म्हणून बाक व्हरांड्यात लावले, तर वळीव आडवा आला. दोन बाकांचा रंग मेला, पुन्हा खरवडले. एवढं चालायचंच.

सागवानी बाकांचं मात्र डोक्यातून जात नाही.

वर हिरवा, खाली निळा, त्याखाली पिवळाधमक थर आणि सगळ्यांत तळाला करडट पांढरा. पिवळा काही हलेना. साठ नंबरचा पेपर लावला, कोरडाच. एक बाक उलटा केला, तर पोटाला पुसट अक्षरं दिसली, ‘स्कूल बोर्ड, बेळगाव’, देवनागरीत. म्हणजे बाक १९५६ च्या आधीचा, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचा. मी ओरडलोच. हेडमास्तर आले, एसडीएमसीचे, म्हणजे शाळा समितीचे, अध्यक्ष आले, देवळाच्या कट्ट्यावरचे म्हातारे आले. सुट्टीची पोरं तर होतीच. एका आजोबांनी अक्षरांवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. फोटो निघाले. अध्यक्ष म्हणाले, “सगळ्या बाकांची पोटं बघा की!” मीही जोशात आलो. अकराच्या अकरा उलटे करून घासले. अक्षरं आणखी दोनच बाकांवर निघाली. अंगणात पिवळी धूळ भरून राहिली आणि तिच्यात दहा-बारा पोरं मांडी घालून बसलेली.

पहिलीत नवीन नावं घालायला घरोघर फिरणाऱ्या अतिथी शिक्षिका दुपारी आल्या. गावचीच मुलगी, बीएस्सी झालेली. पगार किती आणि कधी मिळतो ते विचारू नये. तिनं फोटो काढला नाही. धूळ बोटावर घेऊन विचारलं, “पेंटरमामा, हा पिवळा कुठला?”

“क्रोम यलो. जुना माल. आता असला मिळत नाही.”

“मिळत नाही ते बरंय. शिसं असतंय त्यात. पोरांना आधी हात धुवायला लावा.”

मला राग आला. पस्तीस वर्षं हेच घासतोय. पण वडील तळाच्या रंगाला ‘शिशाचा सफेदा’ म्हणायचे, आणि मी ते चांगल्या मालाचं नाव म्हणून ऐकत आलो होतो. लोखंडाला लावायचा शेंदूर, तोही शिशाचाच. नाव तोंडात होतं की.

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दशलक्ष भागांत ९० च्या वर नको, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आमच्याकडचा माणूस १ नोव्हेंबर विसरत नाही, १९५६ साली त्याच दिवशी बेळगाव आताच्या कर्नाटकात गेलं. अर्धा गाव काळा दिन पाळतो, सरकार राज्योत्सव करतं. पण नियम नव्या डब्यांचा. जुन्या थराला कोण विचारतो? लहान मुलांना शिसं थोडंसुद्धा सुरक्षित नाही. मेंदूवर जातं. हे तिनं सांगितलं, मग मी फोनवर वाचत बसलो.

पोरांना घरी पाठवलं. उरलेलं वॉटर पेपरनं ओलं घासलं, चिखल फडक्यानं उचलून पिशवीत भरला. एक दिवस जास्त गेला. अध्यक्ष म्हणाले, “दिवसाची मजुरी कसली वो, पाणीच तर लावलंत.” ती मिळाली नाही.

आधीची धूळ कुठं गेली, ते संध्याकाळी कळलं. पोरांनीच झाडून नेली होती, कुणी न सांगता, मला मदत म्हणून. स्वयंपाकखोलीमागे शेवगा आणि कढीपत्ता आहे. त्यांच्या बुडाशी लोटली होती. त्याच रात्री मोठा वळीव पडला.

जूनमध्ये राहिलेले पैसे आणायला गेलो, तर स्वयंपाकवाल्या अक्का सांबारासाठी कढीपत्ता ओरबाडत होत्या. मी फावडं मागितलं. दोन्ही बुडांभोवतीची वीतभर माती काढली, सात घमेली. अक्कांना म्हटलं, “एवढं वर्ष ह्याला हात लावू नका.” त्या म्हणाल्या, “कीड लागली काय?” मी हो म्हणालो.

दुकानदाराला विचारलं, माती तपासून मिळते का. त्यानं नव्या डब्यावरचं शिसं नसल्याचं चित्र दाखवलं. मलप्रभेत टाकावी, तर ती खाली सौंदत्तीच्या धरणात जाते, तिथून लोकांच्या नळाला. शेतात टाकायची कुणाच्या? दोन पोती भरून ती माझ्या शेडमध्ये आहे, टर्पेंटाइनच्या डब्यांशेजारी. परवा नातू त्यावर चढून बसला होता. पोती माळ्यावर टाकलीत.