२० केबीत मराठी पडदा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. द्राक्षांच्या प्रीकूलिंगचे (साठवणीआधी माल झटपट थंड करायचे) आणि कोल्ड स्टोरेजचे कंट्रोलर बनवतो, गिऱ्हाईक बहुतेक निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचं. वर्षानुवर्षं त्या कंट्रोलरवर दोन ओळींचा एलसीडी आणि त्यावर तुटक इंग्रजी असायचं. पॅकहाउसमधली मंडळी म्हणायची, "साहेब, पडदा जरा मोठा द्या आणि मराठीत दाखवा की."

रास्पबेरी पाय, म्हणजे लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा संगणक, लावून मोकळे व्हा, हा सल्ला भेटेल तो देत होता. पण ऐन हंगामात लाइट गेली की कंट्रोलर क्षणात परत उभा राहायला हवा. तिथे लिनक्स सुरू व्हायची वाट कोण बघणार? शिवाय मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्डच बिघडायची भीती. आमच्या बोर्डावर आधीपासून एसटीएम३२एफ१०३ ही छोटी कंट्रोलर चिप होती, ६४ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची कायमची मेमरी) आणि २० केबी रॅमवाली (चालू कामाची मेमरी). म्हटलं, हिच्यातच बसवायचं. एलव्हीजीएल ही छोट्या चिपवर पडदा रंगवायची तयार, मुक्त लायब्ररी उत्तम आहे, पण तिच्या किमान मागणीतच आमची जवळपास सगळी फ्लॅश गेली असती. म्हणून पडदा रंगवायचा कोड स्वतःच लिहायला घेतला.

पहिलाच हिशेब घाम फोडणारा होता. पडदा ३२० बाय २४०, दर पिक्सेलला २ बाइट, म्हणजे पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट. रॅमच्या साडेसात पट! तेव्हा पूर्ण चित्र मेमरीत ठेवायचा विचारच सोडला. ८ ओळींच्या दोन पट्ट्या ठेवल्या, मिळून १० केबी. एक पट्टी डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या यंत्रणेने) पडद्याकडे जात असते, तोवर प्रोसेसर दुसरी रंगवतो. चिप आणि पडदा जोडणाऱ्या १८ मेगाहर्ट्झच्या एसपीआय तारांवर पूर्ण पडदा पाठवायला ६८ मिलिसेकंद लागतात आणि ते डोळ्याला जाणवतं. मग जेवढा चौकोन बदलला तेवढाच पुन्हा काढायचा. तापमानाचा आकडा १२० बाय ४८ चा, तो ५ मिलिसेकंदांत जातो.

खरी कसोटी लागली ती आपल्या लिपीची. इंग्रजीत एकामागून एक अक्षरं ठेवत गेलं की झालं. ‘स्थिती’त पहिली वेलांटी जोडाक्षराच्या आधी काढावी लागते. ‘आर्द्रता’त रफार उडी मारून ‘द्र’च्या डोक्यावर बसतो, आणि कोल्ड स्टोरेजच्या पडद्यावर आर्द्रता टाळता येत नाही. ही सगळी जुळणी करणारी हार्फबझ लायब्ररी या चिपच्या आवाक्याबाहेरची. पण आमची वाक्यं ठरलेली होती. ती लॅपटॉपवरच हार्फबझमधून काढली, भाषा मराठी सांगून, म्हणजे फॉन्टमध्ये असतील तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. लागणारे आकार तेवढे एकरंगी चित्रं करून फ्लॅशमध्ये भरले. साधारण २४ बाय २४ चा आकार ७२ बाइटांत बसतो, दोनशे आकार धरले तरी १४-१५ केबी. चिपला मराठी येत नाही. कुठलं चित्र कुठे ठेवायचं एवढंच तिला कळतं. आकडे मात्र इंग्रजीच ठेवले, कारण शेजारच्या गेजवर आणि मीटरवर तेच असतात.

चिपशी थेट बोलणारी फंक्शनं तीनच ठेवली: पट्टी पडद्याला पाठव, स्पर्श वाच, वेळ सांग. बाकी सगळा कोड साध्या सी भाषेत. लॅपटॉपवर हीच तीन एसडीएलवर (संगणकाच्या खिडकीत चित्र काढणाऱ्या लायब्ररीवर) लिहिली आणि बहुतेक काम बोर्डाला हात न लावता केलं. २०२१ च्या चिपटंचाईत एसटीएम३२ मिळेनात, मिळाल्या तर भाव ऐकवेना, तेव्हा याचा फायदा कळला. ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर जाताना तेवढी तीनच फंक्शनं बदलली. रंगांनी मात्र गंमत केली. धोक्याची लाल पट्टी निळी, आणि ‘सर्व ठीक’ची हिरवी चक्क लालसर! पडद्याला रंगाच्या दोन बाइटांतला वरचा (डावीकडचा, मोठ्या किमतीचा) आधी हवा असतो. एसटीएम३२ वर एसपीआय १६ बिटांत चालवल्यामुळे ते आपोआप घडत होतं, इथे बाइट-बाइट जात असल्याने अदलाबदल हाताने करावी लागली.

स्पर्शासाठी दाबाने चालणारा रेझिस्टिव्ह पडदा घेतला. मोबाइलसारखा गुळगुळीत नाही म्हणून नाकं मुरडणारे भेटतात, पण शून्य अंशाच्या खोलीतून हातमोज्यांसकट बाहेर आलेल्या माणसाला तोच सोयीचा.

आता बागायतदारांना प्रत्येक खोलीवर आपलं नाव हवंय. हे वाक्य आधी ठरलेलं नाही, म्हणजे अक्षरांची जुळणी चिपवरच करावी लागणार. ईएसपी३२ वर रॅम ५२० केबी आहे, तेव्हा छोटा नियमसंच लिहायला घेतलाय. तोवर पडद्यावर खोली १, खोली २ असंच दिसतं.