तुम्ही विचारलंत म्हणून: गाव कुणी वसवलं?

साताऱ्यात मोडी वाचते म्हटल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "आम्ही मूळचे कोकणातले, समुद्रकाठचे. गाव आमच्याच पूर्वजांनी वसवलं असं आजोबा सांगायचे. तेवढं कागदावरून काढून द्याल का?" कुणी वाईचे असतात, कुणी कऱ्हाडचे, सांगली-मिरजेकडून येणारे तर जास्तच. मी "असं लिहून देता येणार नाही" म्हटलं की चेहरे उतरतात. बाईंना मोडी येत नसावी, किंवा समोरच्या घराण्याची बाजू घेत असतील, असंही कानावर आलंय. म्हणून काय देता येतं आणि काय नाही, ते एकदाच सगळं लिहिते.

घाट चढून आपली माणसं वर कशी आली, हे सांगत बसत नाही. श्रीवर्धनच्या भटांचे बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले, वेळासच्या भानूंचा, म्हणजे नाना फडणीसांचा वाडा वाईजवळ मेणवलीला उभा राहिला, कोतवड्याच्या हरभटांचे वंशज मिरज-सांगलीचे धनी झाले. हे तुम्हालाही पाठ आहे. तुम्हाला हवंय ते त्याआधीचं, कोकणातल्या त्या गावात पहिलं पाऊल कुणाचं पडलं ते.

पहिल्या पावलाचा कागद होत नाही, माझी अडचण इथूनच सुरू होते. दापोलीजवळच्या मुरूडसारखं एखादं गाव अपवाद. तिथं गाव वसवल्याची हकिकतच लिहून ठेवलेली होती आणि विश्वनाथ नारायण मंडलिकांनी एकोणिसाव्या शतकात तिच्यावर लेख लिहिला. दिवेआगरचा शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा ताम्रपट तर मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, त्यात माणसांची नावंही आहेत. पण तो एका व्यवहाराचा लेख आहे, गाव वसवल्याचा नाही. बाकी गावांत जुन्यात जुना कागद सापडतो तो हक्काचा असतो. महाजनकीचा म्हणजे गावातल्या मानाचा, खोतीचा म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा, वतनाच्या निवाड्याचा, नाहीतर कौलाचा, म्हणजे जमीन लागवडीला आणण्यासाठी सरकारनं दिलेल्या सवलतीच्या लेखी वचनाचा. हक्काचा कागद होतो तेव्हा गाव आधीच वसलेलं असतं, म्हणून तर भांडण असतं.

कौलाचंच घ्या, कारण तुमच्यातले निम्मे लोक कौल घेऊनच येतात. खाडीलगतचं खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी जमीन, शेताखाली आणायचं तर आधी बांध घालावा लागतो. उधाणाच्या भरतीपेक्षा उंच, पोटात चिकणमाती, खाडीकडच्या अंगाला उतार आणि त्यावर दगड रचलेले. आतलं पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात उघाडी ठेवतात. तिची फळी ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्यानं दाबून बसते. बांधाचा खरा वैरी खेकडा. तो बिळं करतो, उधाणाला बिळातून पाणी झिरपतं, माती सुटते आणि खांड पडते. एकदा खारं पाणी आत आलं की त्या वर्षीचं भात गेलंच, वर जमिनीतला खार पावसानं धुऊन निघायला आणखी दोन-तीन पावसाळे लागतात. एवढा धोका कुणी फुकट पत्करत नाही, म्हणून सरकार इस्ताव्याचा कौल द्यायचं. सुरुवातीची वर्षं माफी, मग दरवर्षी चढत जाणारा धारा म्हणजे सारा, शेवटी पुरा आकार.

आता त्या कौलात नाव कुणाचं येतं? ज्यानं धारा भरायची हमी घेतली त्याचं. टोपलीनं चिखल वाहणाऱ्यांचं, ओहोटीच्या वेळात रात्री मशालीच्या उजेडात खांड बुजवणाऱ्यांचं येत नाही. कुणबी, आगरी, भंडारी, महार, कोळी, गाबीत, ज्या गावात जे असतील ते. त्यांतले कितीतरी तिथं कौलाच्या आधीपासून राहत होते. म्हणून मी लिहून देते ते एवढंच: या सालच्या या कागदात या माणसाला हा हक्क मिळाल्याची नोंद आहे. "गाव वसवलं" हे शब्द मी आता लिहीत नाही.

"आता" म्हणाले, कारण पूर्वी लिहीत होते. त्यातूनच जे झालं ते कधीतरी सांगणं भाग आहे.

तो कागद रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा. घराणं आता सांगली जिल्ह्यात असतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही, त्रास पुरेसा झालाय. कागद म्हणजे दोन बंद, म्हणजे कागदाचे दोन तुकडे, खळीनं जोडून केलेली वीतभर रुंद गुंडाळी, कडेला कसर लागलेली. मजकूर खाजणाच्या इस्ताव्याचा. सालाच्या ओळीत "सुहूर सन तिस", मग तुरीच्या दाण्याएवढं भोक, मग "मया व अलफ".

सुहूर सन वाचायचं कसं, ते इथंच सांगते, म्हणजे चूक कळेल. साल अरबी शब्दांत लिहितात, एकंपासून वर चढत. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. दहाच्या पटीतले शब्द त्यांच्यासारखेच दिसतात: सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. आलेल्या आकड्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, कारण हे साल मृगाला बदलतं. उदाहरणार्थ "इसन्ने सितैन मया व अलफ" म्हणजे ११६२, म्हणजे १७६१-६२. फसली सन, म्हणजे महसुलाच्या कागदांत येणारं दुसरं साल, याच्या नऊनं पुढे असतो. त्यामुळे फसली साल सुहूर समजून वाचलं की सरळ नऊ वर्षांचा घोटाळा होतो.

माझा घोटाळा नऊ वर्षांचा नव्हता. भोकाच्या उजव्या काठाला एक उभी रेघ शिल्लक होती. ती मी काना धरली आणि "तिसा" वाचलं. तिसा मया व अलफ म्हणजे ११०९, म्हणजे १७०८-०९. शाहू महाराजांचं साताऱ्यात राज्यारोहण झालं १२ जानेवारी १७०८ ला. साताऱ्यात बसलेल्या माणसाला ते साल दिसलं की काय होतं, हे साताऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ती रेघ "न"ची होती. शब्द "तिसैन" होता. ११९०, म्हणजे १७८९-९०. एक्याऐंशी वर्षांचा फरक. भोकाची रुंदी नुसती पट्टीनं मोजली असती तरी कळलं असतं की एका कान्याला एवढी जागा लागत नाही, त्यात आणखी एक अक्षर बसतं.

आणि जे मला अजून सलतं ते वेगळंच आहे. कागदात "तालुके अंजनवेल" स्पष्ट होतं. अंजनवेल १७०८ मध्ये सिद्दीच्या ताब्यात होतं. तुळाजी आंग्र्यांनी ते १७४५ मध्ये घेतलं आणि पेशव्यांच्या कारभाराखाली ते त्याच्याही नंतर आलं. पेशव्यांच्या कारकुनी धाटणीचा कौल १७०८ मध्ये तिथल्या खाजणासाठी निघूच शकत नव्हता. हे मला माहीत होतं. वाचताना आठवलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं असं की साल इतकं देखणं निघालं होतं की मी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

मी साध्या कागदावर लिहून दिलं: "गावातलं सर्वांत जुनं ज्ञात घराणं." घराण्यानं ग्रामदेवतेच्या देवळात फरशी बसवली, "गावाचे आद्य वसाहतकार", खाली १७०८. पलीकडच्या वाडीतल्या घराण्याकडे महाजनकीचा कागद १७५० नंतरचा, आणि पालखीचा पहिला नारळ तोवर त्यांचा. त्या शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे ती टेकवायच्या चौथऱ्यावर आली आणि पहिला नारळ कुणाचा, यावर अडली. दोन्हीकडची म्हातारी माणसं उन्हात उभी, पोरं हमरीतुमरीवर, शेवटी पोलीस पाटलांना बोलवावं लागलं. दोन वाड्यांच्या मधली पाखाडी आहे ना, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, तिच्यावरून पालखी त्या वर्षापासून जात नाही. लांबून रस्त्यानं नेतात.

तीन वर्षांनी त्याच घरातल्या मुलानं कागद काचेत घालायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठवले. मागच्या बाजूला, जिथं दोन बंद चिकटवलेत तिथं, बारीक अक्षरात "सौम्य संवत्सर". संवत्सरं साठ वर्षांनी फिरतात. शके १६३० ला सर्वधारी होतं, शके १७११ ला सौम्य. शके १७११ म्हणजे १७८९-९०. शंकेला जागाच उरली नाही. मी त्याच आठवड्यात दोन्ही घरांना पत्रं लिहिली. एका घरून उत्तर आलं, "तुम्हीच लिहून दिलंत, आता फरशी काढायची कशी?" दुसऱ्या घरून आलं, "आता काय उपयोग?" फरशी अजून तिथंच आहे.

तुम्ही म्हणाल, मग कागद सोडा, गावातल्या मानपानावरून ठरवा. गाऱ्हाण्यात कुणाचं नाव आधी घेतात, होळीच्या माडाला पहिला हात कुणाचा, गुरव पहिला प्रसाद कुणाला देतो, ते बघा. बघावंच. कागदात नसलेली घराणी तिथं सापडतात. पण मान निवाड्यानं बदलतो, विकत घेतला जातो, घर बसलं की शेजारच्याकडे जातो. मानाचा क्रम म्हणजे येण्याचा क्रम नव्हे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या बह्यांत बाप, आजा, भाऊ, मूळ गाव, हल्ली मुक्काम सगळं मिळतं, वंशावळीला त्यासारखं साधन नाही. मात्र तिथपर्यंत जायला ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचंच मिळतं.

शेत कसणाऱ्यांची नावं हवी असतील तर खोती गावांची बोटखतं बघा. कुठलं शेत कुणाच्या वहिवाटीत, हे तिथं येतं. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली आणि कित्येक घरांतल्या खोतीच्या दप्तरांकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही. माळ्यावर पेटी असेल तर ती उघडण्याआधी खाली चादर अंथरा, गुंडाळ्या जोर लावून सरळ करू नका, आणि फाटल्या जागी चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. काही वर्षांनी ती पट्टी सुटते आणि डिंक शाईसकट अक्षर घेऊन जातो.

माझं माझ्याशीच पटत नाही, ते एका जागी. पूर्वी मी म्हणायची, कागदात नाव आहे ना, मग तेच घराणं पहिलं, बाकीच्यांनी आपला कागद आणावा. आता मला ते उद्धट वाटतं. बाकीच्यांकडे कागद नसणं हीच तर त्या गावाची हकिकत. पण आता मी जे "या सालच्या कागदात एवढीच नोंद" असं सावधपणे लिहून देते, त्यातही चिखल वाहणाऱ्यांचं नाव कुठं आहे? माझ्या सावधपणानं कौलवाल्याचा मोठेपणा कमी झाला, त्यांच्या पदरात काही पडलं नाही. बोटखतातली नावं जोडून गावाची एक नवी यादी करावी, असं मनात येतं. मग ती यादीही कुणीतरी फरशीवर कोरेल आणि सहाणेवर घेऊन जाईल, असंही येतं. मी अजून ती केलेली नाही.

तेव्हा या, कागद घेऊन या. साल मी वेगवेगळ्या बाजूंनी तपासते: शब्दावरून, तिथी-वार असेल तर जंत्रीवरून, आणि त्या साली तो मुलूख कुणाकडे होता यावरून. तिन्ही जुळले नाहीत तर तसं लिहून देते. वेळ लागतो. फोटो पाठवणार असाल तर दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको, कागदाशेजारी मोजपट्टी ठेवा, भोकांचे जवळून वेगळे काढा. आणि मागची बाजू कोरी वाटली तरी तिचा फोटो पाठवाच.