अकरा ते पाच: आमची वाटचाल

मे महिन्यात सकाळचे अकरा वाजले की आमचं गाव दारं लावून घेतं. पारा ४५ च्या वर गेलेला असतो आणि नवतपा लागला की ओट्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे गाव. विदर्भातल्या शाळाही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे दोन महिने लहान लेकरांची अकरा ते पाचची दुपार घरात, कूलरच्या घरघरीत काढायची. लेकरांच्या लाकडी खेळण्यांचा आमचा व्यवसाय या सहा तासांतून उभा राहिला.

घरचा मूळ धंदा वाढईकामाचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वखर, तिफण, दारं-चौकटी करायचे आणि पोळ्याच्या आधी दोन महिने लाकडी नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे सजवलेले नंदी घेऊन पोरं घरोघरी जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. आमच्या तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला तर लोक लांबून येतात. पण नंदी हा सणाचा माल. पोळा सरला की गिऱ्हाईक सरलं.

२०१६ च्या उन्हाळ्यात माझी मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा दीडचा. दुपारी दोघंही अंगावर यायची. मी मोबाईल द्यायचे. तो काढून घेतला की जो आकांत व्हायचा, तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. एके दिवशी मामाजींनी नंदीचं एक अर्धवट चाक आणि पॉलिश पेपरचा तुकडा मुलीच्या हातात दिला. "घास बेटा, मऊ झालं की मले दाखव," एवढंच बोलले. ती बसली. घासायची, गालाला लावून बघायची, पुन्हा घासायची. तासाभराने चाक घेऊन आली आणि दुसरं मागितलं. घरात प्लास्टिकच्या गाड्या, बाहुल्या पडल्या होत्या. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही. तिला काम हवं होतं, मोठ्यांसारखं खरं काम.

माझी आई अंगणवाडी सेविका होती. तिला हे सांगितलं तर ती हसली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम उभं केलं, तेव्हापासून हेच सांगणं आहे, म्हणाली: लेकराच्या आजूबाजूला जे आहे, त्यातूनच त्याचं साधन कर.

तेव्हा आम्ही घरात बघायला लागलो. पहिलं खेळणं एकात एक बसणारी चार मापं, पायलीच्या आकाराची. दुसरं छोटं सूप, गावातल्याच बुरडाकडून विणून घेतलेलं. तिसरं मला सगळ्यांत आवडतं. आमच्याकडे भुलाबाईच्या दिवसांत गाणी झाली की खिरापतीचा डबा वाजवून आत काय आहे ते मुली ओळखतात. त्यावरून आठ बंद लाकडी डब्या केल्या, दोन-दोन सारख्या आवाजाच्या. ज्वारी, चिंचोके, सरकी, खडे. लेकराने कानाशी वाजवायच्या आणि जोड्या लावायच्या.

पहिल्याच वर्षी एका आईचा फोन आला, "ताई, डबी बोलून नाही राहिली." उघडून पाहिली तर आतल्या ज्वारीला सोंडे लागून पीठ झालं होतं. आता धान्य भाजून भरतो. कुणीतरी सुचवलं होतं की गुंजा भरा, लाल-काळ्या छान दिसतात. पण गुंजेचं बी विषारी असतं. डबी कितीही पक्की असली तरी ते आमच्या दारात आणायचं नाही, हे तिथल्या तिथं ठरवलं.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली आणि तिची आठवण आजही अंगावर काटा आणते. लहान गाडीच्या चाकाची खुंटी सैल राहिली. एका घरी दीड वर्षाच्या बाळाने ती उपसून तोंडात घातली. आजीने वेळीच बोट घालून काढली म्हणून निभावलं. तो फोन ठेवल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवसापासून विकलेली प्रत्येक गाडी परत मागवली, पैसे परत केले. तीन वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यांसाठी तपासणीचं एक नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो बाळाच्या घशात अडकू शकतो. ते आता आमच्या कामाच्या टेबलावर खिळ्याला टांगलेलं आहे. प्रत्येक सुटा भाग त्यात टाकून बघतात, आणि खुंटी ओढून बघण्याचं काम माझं.

रंगही तेव्हाच सोडला. मामाजी नंदीला ऑइल पेंट लावायचे, पण बाळ खेळणं चाटतंच, त्याला शिसं असलेला रंग चालणार नाही. आता सागाच्या तुकड्यांना फक्त घाणीचं जवसाचं तेल लावतो. रंगाच्या दुकानात मिळणारं जवस तेल नाही, त्यात लवकर वाळावं म्हणून औषधं घातलेली असतात. घाणीचं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, त्यामुळे घाईची ऑर्डर आम्ही घेत नाही. तेलाची फडकी चुरगाळून टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात. आम्ही ती पाण्याच्या बादलीत ठेवतो.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेव्हा वाटलं संपलं आता. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, हे कळल्यावर मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कारागिराचं कार्ड काढून घेतलं. कर्ज, कागद, एका बँकेतल्या फेऱ्या यावर लिहायला बसले तर मूळ विषय राहील.

आज आम्ही घरचे तिघं आणि बचत गटातल्या पाच बाया काम करतो. माल अंगणवाड्यांत, नागपूर-वर्ध्याच्या प्रदर्शनांत आणि व्हॉट्सॲपवरून जातो.

गिऱ्हाईक आईला मी खेळण्यांची पेटी देताना दोन मिनिटं थांबवते. सगळं एकदम काढू नका. तीन वस्तू खाली, बाकी फळीवर, चार दिवसांनी अदलाबदल. मापांत धान्य ओतायचा खेळ तीन वर्षांनंतर आणि मोठ्यांच्या नजरेसमोर, कारण तुरीचा दाणा नाकात जायला वेळ लागत नाही. त्याहून लहानाला परातीत पाणी द्या, पण कूलरपासून लांब. ओल्या हाताने कूलरला शिवणं जिवावर बेततं. आणि लेकरू रमलं की "अरे वा, असं नाही असं कर" म्हणत मध्ये जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. पण नुसतं नको म्हणून मोबाईल सुटत नाही. हातात दुसरं काही असावं लागतं.

परवा शेजारच्या गावातली एक बाई जुनी पेटी घेऊन आली. मोठ्याची आता धाकटीला द्यायची होती. मापांचे काठ झिजले होते, एका डबीला दातांच्या खुणा. मामाजींनी काठ घासून दिले. तेलाचं फडकं माझ्या मुलीने मारलं. ती आता पोळ्याच्या नंदीची चाकंही घासते. दातांच्या खुणांना मात्र आम्ही हात लावला नाही. तेल वाळलं की पेटी न्यायला ती बाई पुढच्या बाजाराला येईल.